मामा, गाडी आता अडखळत नाही

मामा, पेपरात छापलेल्या तुझ्या निधनाच्या बातमीत तुला ‘मनमिळाऊ आणि मितभाषी’ म्हटलंय. मनमिळाऊ ठीक आहे. पण मितभाषी हे कुणाच्या डोक्यातून निघालं, ते मी अजून शोधतेय. टँकरच्या रांगेत उभा राहून तू पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ड्रायव्हरांशी एकाच वेळी बोलायचास, आणि रांग हलली की दोघांचंही अर्धवट टाकून गाडी पुढं घ्यायचास. तुझ्याशी ज्याचं बोलणं पुरतं झालं असा माणूस या शहरात सापडायचा नाही. माझंही राहिलंच. कार्बोरेटर बसवायचा की नाही, यावर आपला वाद चालू होता, आणि तू मध्येच उठून गेलास. म्हणून हे लिहितेय. त्या वादाचं उत्तर द्यायचंय, आणि एक बातमीही द्यायचीय. ती ऐकून तू आधी खवळला असतास आणि मग पोट धरून हसला असतास, असं मला वाटतं.

गल्लीतले सगळे तुला अहो-जाहो करायचे. मी लहानपणी तुझ्या खांद्यावर बसून तुझे केस ओढले, तेव्हापासून ‘तू’च म्हणते. मामी सुरुवातीला टोकायची, मग तिनं नाद सोडला. आता तू नाहीस म्हणून माझी भाषा बदलायची नाही.

तुझी मेंढरं मला धूसर आठवतात. गंगापूरच्या अलीकडं कुणाच्या तरी रानात तळ पडलेला, मामी तीन दगडांच्या चुलीपाशी, आणि तू काठी खांद्यावर आडवी टाकून उगाचच रुबाबात उभा. पुढं तो वाईट दुष्काळ आला. चारा नव्हता, पाणी नव्हतं, ते कसंबसं सोसलं. मग अवकाळी दोन सरी पडल्या, कोवळं गवत वर आलं, उपाशी मेंढरांनी ते अधाशासारखं खाल्लं आणि आंत्रविषारानं कोकरं एकापाठोपाठ एक आडवी झाली. त्या वर्षी लस टोचणारा माणूस निघाला होता. वाटेत त्याची फटफटी बंद पडली. तो तळावर पोचला तेव्हा तुम्ही पुढं निघून गेला होतात. तू त्याला कधी शिव्या दिल्या नाहीस. एवढंच म्हणायचास, “त्यो यायचा व्हता. पोचला नाय, बास.”

उरलेली मेंढरं विकून तुम्ही दोघं शहरात आलात. आधी बांधकामावर राखण, मग टँकर. बायपासच्या कडेला इमारती उगवत गेल्या आणि तू त्यांना पाणी पुरवत गेलास. एकदा मला टँकरमध्ये बसवून अशाच एका मोठ्या इमारतीपाशी नेलंस आणि खालच्या पार्किंगकडं बोट दाखवून म्हणालास की इथं आपण मेंढरं बसवली होती, या जमिनीत आपल्या मेंढरांचं खत आहे. वर बाल्कनीतून एक बाई पाणी कधी सोडणार म्हणून ओरडत होती. तू तिला सांगितलंस, ‘जुनी ओळख काढतोय, ताई, पाच मिनिटं.’ तिला काय कळलं असेल, देव जाणे.

मला लसीकरणाचं कंत्राटी काम मिळालं तेव्हा माझ्यापेक्षा तूच जास्त हरखलास. शिकायला तुमच्याच घरी राहिले होते, नोकरीलाही तुमच्याच घरून जायचं ठरलं. काम गंगापूरच्या बाजूच्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन मेंढ्या-शेळ्यांना लस टोचायचं. अट दोन गोष्टींची. स्वतःची गाडी हवी, आणि मेंढरं चरायला सुटायच्या आत तळावर पोचायला हवं. एकदा मेंढरं रानात गेली की तो दिवस वाया. गेल्या वर्षी पाऊस रुसलेला, चारा लांब, त्यामुळं मेंढपाळ आणखीच लवकर निघत होते. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत साहेब माझं काम बघणार होते आणि मग ठरवणार होते की मला ठेवायचं की दुसरं कुणी बघायचं.

गाडी तूच शोधलीस. सिडकोतल्या एका मास्तरांची, तीन वर्षं वापरलेली, इंजेक्शनवाली. कार्बोरेटर नाही, चोक नाही, रिझर्व्हचा कॉकही नाही. पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो, हे मी तुला समजावलं तेव्हा तू टाकीवर हात फिरवत म्हणालास, “म्हंजी हिला अक्कल हाय. मग माझं अन् हिचं जमायचं अवघडच हाय.”

तेवढ्यावर थांबला असतास तर बरं होतं. पण आपल्याकडं गाडी घरी आली की आधी हार-नारळ आणि लगेच वेल्डिंगवाला. ज्या ज्या घरानं दुष्काळ काढलाय, त्या घरातल्या गाडीला मागं हुक असतातच, पाण्याचे कॅन टांगायला. तुझ्या जुन्या गाडीला चार होते. मी दिवसभर ऑफिसात कागदपत्रं करत होते, तेवढ्यात तू माझी गाडी घेऊन गेलास. टँकरच्या टाकीला ठिगळं लावणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडून मागं सामान ठेवायची लोखंडी घोडी बसवलीस, तिला चार हुक, आणि वरून टँकरचा उरलेला लाल रंग. संध्याकाळी गाडी दारात उभी करून मला हाक मारलीस. लसीची बर्फाची पेटी या घोडीवर ठेवायची, दोरी हुकांना ताणायची, मग खड्ड्यात आदळली तरी पेटी हलायची नाही. मी म्हटलं, नव्या नवरीला कुंकू लावल्यासारखी दिसतेय गाडी. तुला ते फार आवडलं. दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होतास.

आणि मग ती अडखळायला लागली.

सकाळी गल्लीत नीट सुरू व्हायची. थोडी पुढं गेली की इंजिन उचक्या द्यायला लागायचं. पिवळा दिवा लागायचा, विझायचा. गतिरोधकावर आदळली की बंद. पुन्हा बटण दाबलं की सुरू, जणू काही झालंच नाही. पहिल्याच फेरीत एक तळ हुकला. मी पोचले तेव्हा तिथं लेंड्या होत्या आणि विझत आलेली चूल. मला रडू आलं, आणि संध्याकाळी तुला सांगताना जास्तच आलं. जेवण टाकून उठलास आणि सिडकोतल्या मास्तरांना फोन लावलास. ते बोलणं मी इथं लिहीत नाही. मास्तर सज्जन होते म्हणून त्यांनी ऐकून घेतलं.

पुढचे काही आठवडे आपण दोघांनी त्या गाडीचा जो छळ मांडला तो आठवला की आता हसू येतं. तुझं पहिलं निदान होतं पेट्रोल. वाड्यांवरच्या किराणा दुकानातून बाटलीतलं पेट्रोल भरतेस, त्यात भेसळ असणार. टाकी रिकामी केली, पंपावरचं भरलं. दोन दिवस बरे गेले असं वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग धूळ. यंदा रस्त्यांवर फुफाटाच एवढा की हवेचा फिल्टर झटकला तर मूठभर माती निघाली. नवा टाकला. मग प्लग. मग उस्मानपुऱ्यातले अजीमभाई.

अजीमभाईंनी स्कॅनर लावला. त्यात जे उमटलं त्याप्रमाणं थ्रॉटलचा सेन्सर काढून साफ केला, इंजेक्टर धुतला, पंपाचा दाब तपासला. गाडी त्यांच्या दुकानापुढं इतकी गोड चालायची की मलाच लाज वाटायची. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पुन्हा नाटक. पुन्हा स्कॅनर, आणि आता त्यात भलत्याच सेन्सरचं नाव. अजीमभाईंनी कपाळाला हात लावला. “बेटा, ये गाडी झूठ बोलरी. रोज नया बहाना.”

तेव्हा तू तुझी विद्या काढलीस. मेंढरू लंगडायला लागलं तर त्याला लगेच धरायचं नाही, हे तू मला त्या दिवशी सांगितलंस. धरलं की ते भ्यानं चारी पाय सारखेच टाकतं. त्याच्या मागनं चालायचं. चढाला लंगडतं की उताराला, पाणी प्यायच्या आधी की नंतर, खडकावर की मातीत, ते बघायचं. दुखणं कळल्यावर मगच हात लावायचा. अजीमभाई धरून बघतायत म्हणून गाडी त्यांना फसवतेय, असं तुझं म्हणणं होतं. मला ते पटलं. फक्त मागनं चालणार कोण, हा प्रश्न होता, कारण तुझी जुनी फटफटी कधीच भंगारात गेली होती.

तू रविवारी रिकामा टँकर घेऊन आलास.

मी पुढं, आणि माझ्या मागं हॉर्न वाजवत टँकर, अशी आपली वरात गंगापूर रोडला निघाली. लोक थांबून बघत होते. एका चौकात दोन बायका हंडे घेऊन धावत आल्या, आणि तू खिडकीतून त्यांना ओरडून सांगत होतास की पाणी नाही, भाचीची गाडी आजारी आहे. गाडी अडखळली की मी हात वर करायचा आणि तू तिथली जागा लक्षात ठेवायची, असं ठरलं होतं. मी एकदाही हात वर केला नाही. चढ, उतार, खडी, गतिरोधक, सगळं झालं. गाडी लोण्यासारखी चालली. ढाब्यावर चहा पिताना तू गाडीकडं असा बघत होतास, जणू तिनं तुझ्याशी लबाडी केलीय.

आपण तिथंच एक गोष्ट हुकवली, मामा. दोघांनीही. आता सांगते म्हणजे सोपी वाटेल, तेव्हा आपल्या डोक्यात आली नाही.

त्याच चहावर तू कार्बोरेटरचा विषय काढलास. तुझ्या ओळखीचा एक जण हे सगळं कॉम्प्युटर प्रकरण काढून, वायरिंग बदलून, साधा कार्बोरेटर बसवून देत होता. एका दिवसाचं काम. मी म्हटलं, अजिबात नाही. चांगल्या गाडीचं वाटोळं करायचं आणि वर पोलीस, कागद, धूर यांची कटकट. तू म्हणालास, जी गोष्ट उघडून बघता येत नाही तिच्यावर भरवसा टाकायचा कसा. हा वाद आपण घरी नेला आणि पुढं चार-पाच दिवस जेवताना, चहा पिताना, तू आंघोळीला गेल्यावर दाराबाहेरून, असा चालवला. तू तिकडून तांब्या आपटून उत्तर द्यायचास. मामी म्हणायची की दोघांना एका दावणीला बांधा.

शेवटचा दिवस मला शब्दन्‌शब्द आठवतो. सकाळी तू टँकरवर जायला निघाला होतास. सोमवारी गाडी त्या माणसाकडं न्यायची, मी सांगून ठेवलंय, असं परस्पर जाहीर केलंस. मी चिडले. म्हटलं, उघडून बघता येत नाही म्हणून फेकायचं असेल तर तुझ्या छातीत काय चाललंय ते तरी कुठं बघता येतं, जिना चढताना थांबतोस, आधी डॉक्टरकडं चल. तू चपला घालत होतास. मान वर न करता म्हणालास, “माझी छाती कार्बोरेटरवाली हाय, सुमे. दगा द्यायची नाय.”

मला हसू आलं. तुलाही. आणि तू गेलास.

दुपारी पाण्याच्या फिलिंग पॉइंटवर टँकर भरायला लावून तू लिंबाच्या सावलीत बसलास, तो उठलाच नाहीस. टाकी भरून पाणी वाहायला लागलं तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. पाणी वाया घालवलं म्हणून तू दुसऱ्या कुणाला किती बोलला असतास. मला या गोष्टीचा राग येतो, मामा. तुझ्या त्या वाक्याचाही येतो. एखाद्याचं वाक्य इतकं छान असतं की त्याच्यावर उत्तर सुचत नाही, आणि मग ते कायमचं त्याच्याकडंच राहून जातं.

भाचीला मामाचं सुतक थोडकं. माझं काम तर थांबणारं नव्हतं. साहेबांनी फोनवर दुःख व्यक्त केलं आणि त्याच फोनमध्ये आठवण करून दिली की गोदावरीकडच्या वाडीचा तळ माझ्याकडून दोनदा हुकलाय, आणि ते लोक आठवड्याभरात मेंढरं घेऊन पुढं निघणार आहेत. निघाले की संपलं. पुन्हा कोवळं गवत वर यायच्या आत त्या कोकरांना लस मिळायची नाही. मला त्यांच्याऐवजी तुझीच कोकरं दिसत होती, जी मला धड आठवतही नव्हती. सोमवार आला आणि गेला. तुझा तो माणूस आला नाही, मी त्याच्याकडं गेले नाही. पण खरं सांगते, त्या आठवड्यात मी मनातून हरले होते. वाटलं, तू म्हणतोस तसं करून टाकावं. निदान तुझ्या मनासारखं होईल.

मामीला त्या दिवसांत कुणी काही करू देत नव्हतं. गल्लीतल्या बाया आळीपाळीनं भाकरी-कालवण आणून द्यायच्या. दिवस उजाडल्यावर माणसं भेटायला यायला लागायची, त्याआधीचा वेळ ती दाराच्या पायरीवर नुसती बसून असायची. एरवी या वेळेला ती मागच्या बाजूला भाकरी थापत असते आणि तू केव्हाच टँकरवर गेलेला असतोस. मी गाडी सुरू करते, ती गरम होईस्तोवर पेटी बांधते, निघते. हे बघायला आजवर कुणी जागेवर नव्हतंच.

त्या सकाळीही मी तेच करत होते. पेटी घोडीवर ठेवली, दोरी ओढली, गाठ मारली.

“सुमे, थांब जरा,” मामी म्हणाली. “ती पेटी काढ.”

मला वाटलं, तिला काहीतरी झालं. पेटी काढली. ती मान तिरकी करून ऐकत होती. मग म्हणाली, परत ठेव. ठेवली, दोरी ताणली. पुन्हा म्हणाली, काढ. मी वैतागले होते, उशीर होत होता. तिनं पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, “पेटी ठिवली की हिचा आवाज बसतोय. काढली की उठतोय. तुला ऐकू येत नाय?”

आता येत होता. अगदी थोडासा, पण येत होता. आणि त्याच क्षणी मला आपली रविवारची वरात आठवली. रविवारी पेटी घरी होती. अजीमभाईंकडं जाताना मी पेटी कायम घरी उतरवून जायचे. गाडी फक्त कामाच्या दिवशी आजारी पडत होती, आणि आपण पेट्रोल बदलत बसलो होतो.

मी सीट काढली. बाजूचं पॅनल काढलं. मोबाइलचा उजेड आत धरला आणि मामीला सांगितलं की हुकांवर हातानं भार दे. तिनं दोन्ही हातांनी घोडी खाली दाबली. इंजिन उचकलं, पिवळा दिवा लागला. सोडली, दिवा विझला. पुन्हा दाबली. तेव्हा दिसलं. उजव्या बाजूच्या लाल हुकाच्या मुळाशी, जिथं वेल्डिंगचा फुगा आहे, तिथं तारांचा जुडगा लोखंडाला चिकटला होता. वरचं आवरण वितळून काळं पडलेलं, आतली एक तार तुटत आलेली. भार पडला की तिची टोकं सुटायची, भार निघाला की पुन्हा टेकायची.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. मामीनं विचारलं, काय झालं. मी तिला उजेड दाखवला. ती वाकली, बघितलं, आणि तिच्या लक्षात यायला माझ्यापेक्षाही कमी वेळ लागला.

“हे तर ह्यांनीच लावलंय,” ती म्हणाली.

आम्ही एकमेकींकडं बघितलं. मला भीती वाटली की आता ती कोसळेल. तिच्या ओठांचा कोपरा हलला, मग खांदे हलायला लागले, आणि मामा, ती हसली. पायरीवर बसून, पदर तोंडात कोंबून हसली. मला म्हणाली, “असंच हाय त्यांचं. लग्नानंतर पैल्यांदा चप्पल आनली मला. लई भारी, गुलमंडीवरनं. दोन बोटं ल्हान. मन मोडायला नको म्हनून मी महिनाभर लंगडले.” आणि पुन्हा हसू. मग मलाही आवरेना. समोरच्या काकू कालवणाचं पातेलं घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. नवरा जाऊन दहा दिवस झाले नाहीत आणि बाई हसतेय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मामीनं झटकन डोळे पुसले, खोकल्यासारखं केलं आणि पातेलं घेतलं. त्या गेल्यावर आम्ही दोघी रडलो. मग नीट रडलो, इतक्या दिवसांत रडलो नव्हतो तसं.

तर ही बातमी. गाडी मास्तरांनी बिघडवली नव्हती, पेट्रोलवाल्यानं नाही, कॉम्प्युटरनंही नाही. ती तू बिघडवलीस, मला पोचता यावं म्हणून. आणि गंमत बघ. तुझ्या म्हणण्याप्रमाणं कार्बोरेटर बसवला असता, तर सगळं वायरिंगच बदललं असतं आणि गाडी खरोखर सुधारली असती. तू जन्मभर मिशीवरून हात फिरवत सांगत हिंडला असतास की मी म्हणलो नव्हतो का. ज्यानं दुखणं लावलं तोच वैद्य म्हणून मिरवला असता. हे डोक्यात आलं तेव्हा मी रस्त्यात एकटीच हसत होते. तू असतास तर तुला हे सांगितलं असतं का, असं मामीनं मला विचारलं. मी म्हटलं, नक्कीच सांगितलं असतं, आणि तेही टँकरच्या रांगेत, सगळ्या ड्रायव्हरांसमोर. आयुष्यभर चिडवलं असतं. तेवढं चिडवायचं राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं.

अजीमभाईंनी अर्ध्या तासात तार जोडली, नवं आवरण चढवलं आणि जुडगा लोखंडापासून लांब बांधून दिला. वेल्डिंग करताना तारा बाजूला घ्यायच्या असतात, बॅटरी सोडवायची असते, जुन्या गाडीला चालून गेलं ते हिला चालत नाही, असं सांगून झालं. हुक कापू का, म्हणून त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. हुक चांगलेच आहेत की. सिडकोतल्या मास्तरांना मी तुझ्या वतीनं फोन केला आणि माफी मागितली. ते म्हणाले की तुमचे मामा रागावले होते, पण शेवटी मला जेवायलाही बोलावत होते. हे मला माहीत नव्हतं. तुझा राग आणि तुझं आमंत्रण एकाच फोनमध्ये मावायचं, हे मात्र माहीत होतं.

राहिली गोदावरीकडची वाडी. ते लोक दुसऱ्या दिवशी उठणार होते. मला वाडीवर मेंढरं धरायला माणूस मिळत नाही, ही माझी नेहमीची रड. बाप्ये तळ आवरत असतात, बायका भांडी. मी आदल्या संध्याकाळी हे नुसतं बोलून गेले. मामी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली की मी येते.

रीत तुला ठाऊक आहे. माहेरच्यांनी येऊन तिला पहिल्यांदा घराबाहेर न्यायचं असतं. तिच्या भावाचा निरोप होता की अमावस्या होऊ दे, मग जीप करून येतो. मी ते बोलून दाखवलं. मामीनं ताट बाजूला ठेवलं. “भावाची जीप यील तवा यील,” ती म्हणाली. “भाचीची गाडी दारात हाय. अन् मेंढरं कुनासाठी थांबत्यात व्हय?”

पहाटे आम्ही निघालो. मागं पेटी, पेटीच्या आणि माझ्यामध्ये मामी, एक हात माझ्या खांद्यावर. समोरच्या काकू दारात आल्या होत्या. बायपास ओलांडला, इमारती मागं पडल्या. मी सगळा जीव कानात घेऊन चालवत होते. खडी आली, चढ आला, फुफाटा आला. गाडी चालत राहिली.

पोचलो तेव्हा मेंढरं वाघरात, जाळीच्या कुंपणात, बसलेली होती. खरंच बसलेली होती, मामा. मामीनं साडीचा काष्टा खोचला, वाघरात शिरली आणि पहिलं कोकरू असं उचललं, जणू कालच खाली ठेवलं होतं. ती धरत होती, मी टोचत होते. तिथल्या म्हाताऱ्यानं तिच्याकडं दोनदा वळून बघितलं आणि गाव विचारलं. तिनं तळाचंच नाव सांगितलं, तुमच्या जुन्या. मग त्यांचं बोलणं सुरू झालं, कोणत्या साली कुठं पाणी होतं, कुणाच्या रानात मेंढरं बसवली, कोण कुठं शहरात गेलं. तिचा आवाज मोकळा होत गेला. शेवटचं मेंढरू सोडलं तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. त्यांनी वाघर गुंडाळलं आणि सगळा कळप आमच्यासमोरून धूळ उडवत निघून गेला, एकही मेंढरू लसीवाचून न सुटलेला. मामी तो दिसेनासा होईपर्यंत उभी होती. तिचा पदर लेंड्यांनी आणि मातीनं भरला होता. तिनं तो झटकला नाही.

मी रिकामी पेटी बांधली, गाडी सुरू केली. मामी मागं बसली, हात खांद्यावर ठेवला, आणि इंजिनच्या आवाजावर मला ऐकू यावं म्हणून कानाशी वाकून विचारलं,

“उद्या कंची वाडी हाय गं?”